दहा बाय सोळाच्या खोलीत व्यायामशाळा

व्यायामशाळा म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? भिंतभर आरसे, चकचकीत यंत्रे, मोठ्या आवाजात लावलेली गाणी आणि महिन्याची भरमसाट फी. त्यामुळे पुष्कळ कुटुंबे एक तर या गोष्टीचा नादच सोडून देतात, नाही तर दुसऱ्या टोकाला जातात. हप्त्यावर ट्रेडमिल घरी येते. पहिला महिना घरातले सगळे तिच्यावर धावतात. दुसऱ्या महिन्यात फक्त थोरला मुलगा. तिसऱ्या महिन्यापासून तिच्या दांड्यावर टॉवेल वाळू लागतात आणि हप्ते मात्र वर्षभर चालूच राहतात. म्हणून घरात व्यायामशाळा उभारायची तर ती कशी, किती जागेत, किती पैशात आणि कोणासाठी, याचा विचार या वेळी करू.

प्रथम एक शंका दूर करणे जरूर आहे. आमच्या घरांतून नेहमी ऐकू येते, "आम्ही दिवसभर राबतो, ओझी उचलतो. आम्हाला आणखी कसला व्यायाम?" वरवर पाहता हे खरे वाटते. पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. गोदीत, बाजारात किंवा बांधकामावर माणूस तेच ओझे त्याच पद्धतीने दिवसभर उचलतो. तेच सांधे, तीच कंबर, तोच खांदा झिजत राहतो आणि थकला तरी थांबण्याची मुभा नसते. व्यायामात वजन आपण ठरवतो, ते हळूहळू वाढवतो, जे स्नायू कामात वापरले जात नाहीत त्यांना काम देतो आणि मध्ये विश्रांती घेतो. कामावरच्या कष्टांनी हृदयाला तसा लाभ होत नाही, जसा मोकळ्या वेळेतील व्यायामाने होतो, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. शिवाय आज आपल्यातले किती जण खरोखर ओझी उचलतात? रिक्षा आणि टॅक्सी चालवणारे दिवसभर बसून असतात. सुरक्षा रक्षक बारा-बारा तास एका जागी उभे असतात. कार्यालयात शिपाई, कारकून झालेल्यांची चाल पूर्वीच्या मानाने कमीच झाली आहे.

परिणाम काय झाला ते पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीत दर शंभर प्रौढांमागे सुमारे 35 जणांना उच्च रक्तदाब आढळला. हे आता श्रीमंतांचे आजार राहिलेले नाहीत. घरचा कमावता माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी अंथरुणाला खिळला तर त्या घराचे काय होते, हे आपल्या वस्त्यांना सांगण्याची गरज नाही. मुलांचे शिक्षण अर्धवट सुटते. पिढीभर मेहनतीने मिळवलेले एका आजारपणात जाते. म्हणून घरातील व्यायाम हा हौसेचा विषय नाही.

किती व्यायाम पुरे? जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली जे मार्गदर्शन केले त्यानुसार प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटे भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावा आणि आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे खेळावे, धावावे. 65 वर्षांच्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचाही व्यायाम करावा. यातील चालणे-धावणे रस्त्यावर, मैदानावर फुकट होते. त्यासाठी पंचवीस हजारांचे यंत्र नको. घरात सोय करायची ती बळाच्या व्यायामाची. हा हिशेब मनात पक्का झाला की निम्मा खर्च वाचला.

यंत्रांवाचून शरीर बनत नाही, हा समज खोटा ठरवणारा एक माणूस आपल्याच देशात होऊन गेला. मनोहर आईच यांचा जन्म 1912 साली बंगालमध्ये झाला. उंची चार फूट अकरा इंच. ब्रिटिश अमलात हवाई दलात असताना त्यांना तुरुंगवास झाला. तुरुंगात साधने कुठली? तेथे ते निव्वळ स्वतःच्या शरीराच्या जोरावर तासन्‌तास व्यायाम करीत. पुढे 1952 साली त्यांनी मिस्टर युनिव्हर्स हा किताब मिळवला आणि 2016 साली वयाच्या 104 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपण जिला सँडो बनियन म्हणतो तिला ज्याचे नाव मिळाले, तो युजेन सँडो हा जर्मनीत जन्मलेला शरीरसौष्ठवपटू 1904-05 च्या सुमारास हिंदुस्थानात खेळ दाखवायला आला होता. तोही लोकांना घरी हलक्या डंबेल्सनी करण्याचा व्यायाम शिकवीत असे. म्हणजे घरातल्या व्यायामाची कल्पना काही नवी नाही.

आता जागा. बीडीडी चाळीतील खोली दहा बाय सोळाची, म्हणजे 160 चौरस फुटांची. पुनर्वसनाच्या इमारतीतील घर त्याहून थोडे मोठे. त्यात पलंग, कपाट, ओटा, मोरी आणि पाच माणसे. तरीही काळजी नको. एक माणूस आडवा होईल एवढी, म्हणजे सहा बाय चार फुटांची जागा पुरते. सतरंजी अंथरली की व्यायामशाळा, गुंडाळली की पुन्हा घर. मात्र काही गोष्टी आधी पाहून घ्याव्यात. वर हात केल्यावर पंख्याला लागतो का? पोटमाळ्याखाली तर ही काळजी जास्त घ्यावी. लादी ओली नसावी. लहान मूल आसपास रांगत नसावे. वजन जमिनीवर आपटू नये. खाली राहणाऱ्यांनाही झोप असते. दोरीवरच्या उड्या घरात मारू नयेत, गच्चीवर किंवा मैदानात माराव्यात. दाराच्या चौकटीत लोखंडी दांडा अडकवून लोंबकळण्याची मुलांना फार हौस असते. चौकट जुनी, हलणारी किंवा वाळवी लागलेली असेल तर ते मुळीच करू नये. दांड्यासाठी मैदान बरे.

साधने कोणती? खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या. मूठ चांगली असते. तो पाण्याने भरला की पाच किलोचे वजन तयार. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब सोपा. दोन लिटर भरा, दोन किलो झाले. पुढच्या आठवड्यात अर्धा लिटर वाढवा. दुकानातल्या डंबेल्समध्येही इतकी बारीक वाढ मिळत नाही. एक लिटरच्या बाटलीत कोरडी वाळू दाबून भरली तर सुमारे दीड किलो भरते. किराणा दुकानदाराच्या काट्यावर एकदा वजन करून बाटलीवर लिहून ठेवावे. मुलांचे जुने दप्तर पुस्तकांनी भरले की पाठीवरचे वजन झाले. एक भक्कम लाकडी स्टूल, एक सतरंजी आणि दोरी एवढे असले की सुरुवात होते. ज्यांना जमेल त्यांनी एक रबरी व्यायामपट्टा घ्यावा. तो काही शे रुपयांत मिळतो. पण वापरण्यापूर्वी त्याला चिरा पडल्या नाहीत ना हे पाहावे, तुटला तर डोळ्यावर बसतो. पुढे लोखंडी डंबेल घ्यायचेच तर नवेच हवेत असे नाही. लोखंडी प्लेटा किलोवर मिळतात, जुन्याही चालतात. प्लेटा अडकवणारी कडी घट्ट बसते की नाही, तेवढे तपासून घ्यावे.

आता प्रत्यक्ष व्यायाम. खालील सहा प्रकारांत सगळे शरीर येते.

पहिला, दंड. ज्याला जमिनीवर जमत नाही त्याने भिंतीला हात टेकून मारावेत. ते सोपे झाले की ओट्याच्या कडेला, मग जमिनीवर. शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत राहावे.

दुसरा, बैठका. आपल्या जुन्या तालमीतल्या चवड्यांवरच्या खोल बैठका दुखऱ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. स्टुलावर सावकाश बसावे आणि हातांचा आधार न घेता उठावे. टाचा जमिनीवर असाव्यात. सोपे झाले की स्टूल काढावे, मग छातीशी कॅन धरावा.

तिसरा, जमिनीवरून वजन उचलणे. कॅन पायांजवळ ठेवावा, गुडघे थोडे वाकवावेत, पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकावे आणि पायांच्या व नितंबांच्या जोरावर उभे राहावे. ही एक सवय लागली तर हंडा, सिलेंडर, गोणी उचलताना कंबर धरण्याचा धोका कमी होतो.

चौथा, ओढणे. एक हात ओट्यावर टेकून वाकावे आणि दुसऱ्या हाताने कॅन कंबरेपर्यंत ओढावा. सतत पुढे वाकून काम करणाऱ्यांच्या, शिवणयंत्रावर बसणाऱ्या भगिनींच्या पाठीला याची फार गरज असते.

पाचवा, वाहून नेणे. दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन ताठ मानेने गॅलरीत ये-जा करावी.

सहावा, पोट आणि पाठ. कोपरांवर व चवड्यांवर शरीर ताठ धरून दहा ते तीस सेकंद राहावे. न जमल्यास उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलावी.

प्रत्येक प्रकार 8 ते 12 वेळा. वाहून नेणे मात्र अर्धा ते एक मिनिट. अशी एक फेरी. पहिले दोन आठवडे एकच फेरी करावी, मग दोन, मग तीन. अजून दोनदा जमले असते असे वाटत असतानाच थांबावे. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. सुरुवातीला पाच मिनिटे जागच्या जागी चालून अंग गरम करावे. वजन उचलताना श्वास सोडावा, खाली ठेवताना घ्यावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. एका वहीत तारीख, वजन आणि आकडा लिहावा. बारा आठवड्यांनी ती वही उघडून पाहावी, मग कोणी सांगण्याची गरज उरत नाही.

आता जपायचे कोणी? छातीत दुखते, थोड्याशा श्रमाने दम लागतो किंवा चक्कर येते, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाब 180/110 किंवा त्याहून वर असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत वजन उचलू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि जवळ साखर ठेवावी. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, तर लगेच खावी. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज जोराचा व्यायाम करू नये. गरोदर भगिनींनीही विचारूनच करावा.

विदर्भातील आमच्या वाचकांना एक गोष्ट खास सांगायची आहे. सिकलसेल हा आनुवंशिक आजार आदिवासींबरोबर आपल्याही समाजात आहे. तो असणाऱ्यांनी दमछाक होईपर्यंत व्यायाम करणे, पाणी न पिता उन्हात धावणे धोक्याचे असते. वाहकांना एरवी त्रास होत नाही. पण कडक उन्हात एकदम अति श्रम झाले तर त्यांनाही क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणून रक्ततपासणी करून घ्यावी. सरकारने 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली आहे, त्याचा लाभ घ्यावा. तपासणीची लाज बाळगू नये.

हे सांगण्याचे कारण पोलीस भरती. आपल्या वस्त्यांतील किती मुले-मुली पहाटे उठून या भरतीसाठी धावतात! 2022 पासूनच्या पद्धतीप्रमाणे शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची आहे. मुलांना 1600 मीटर धावणे 20 गुण, 100 मीटर धावणे 15 गुण आणि 7.26 किलोचा गोळा फेकणे 15 गुण. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोचा गोळा. जाहिरात निघाली की त्यातील नियम बारकाईने वाचावेत. बरीच मुले फक्त धावतात आणि गोळाफेकीत गुण गमावतात. गोळा घरात फेकायचा नाही, हे उघड आहे. पण तो दूर जातो तो नुसत्या हाताच्या नव्हे, तर पाय, कंबर आणि खांदा यांच्या एकत्र जोरावर. तो जोर वरच्या सहा प्रकारांनी घरातच तयार होतो. मात्र जाहिरात आल्यावर महिनाभरात सगळे उरकायचे, असे करू नये. 2024 साली झारखंडमध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत धावण्याच्या चाचणीदरम्यान अनेक तरुण दगावले. नोकरी मोलाची आहे, पण जीव त्याहून मोलाचा आहे. सहा महिने आधीपासून सावकाश तयारी करावी.

याच मुलांभोवती दुसरा धोका घुटमळत असतो. "एक कोर्स घे, दोन महिन्यांत छाती फुगते," असे सांगून काही ठिकाणी इंजेक्शने आणि गोळ्या विकल्या जातात. ही स्टेरॉइड्स असतात. त्यांनी स्वतःच्या शरीरातील पुरुषी संप्रेरक तयार होणे थंडावते, अंडकोष आकसतात, यकृत बिघडते, हृदयाला इजा होते. पालकांनी मुलाला रागावण्याआधी विश्वासात घेऊन विचारावे. पावडरींच्या डब्यांबाबतही तेच. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असेच सांगितले आहे. साधारण प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम, तेवढ्याच कोरड्या सोयावडीत सुमारे 50 ग्रॅम. डाळ, हरभरे, मटकीची उसळ, दूध, मासळी, आपल्या घरचे सुकट-बोंबील, हे सारे बळ देणारेच अन्न आहे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने किती घ्यावीत ते डॉक्टरांना विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरात व्यायामशाळा झाली की तिचा ताबा बहुधा मुलगा घेतो. वडील कौतुकाने पाहतात, आई त्याच्यासाठी अंडी उकडते आणि मुलगी त्या वेळी भांडी घासत असते. असे होत असेल तर ती घराची व्यायामशाळा झाली नाही. खरे तर घरातील सोयीची गरज मुलीला आणि आईलाच जास्त आहे. मुलगा मैदानात जाऊ शकतो, तालमीत जाऊ शकतो. मुलीला रात्री मैदान मोकळे नसते, बाहेरच्या व्यायामशाळेची फी तिच्यासाठी भरायला हात आखडतो. पाळी बंद झाल्यानंतर बायकांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. वजनाचा व्यायाम ती झीज कमी करतो. मासिक पाळीत व्यायाम करू नये ही समजूतही चुकीची आहे. झेपेल तेवढा जरूर करावा. यासाठी भिंतीवर वेळापत्रक लावावे: सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येकाची वीस मिनिटे. आईच्या वीस मिनिटांत पाणी भरणे, कुकर पाहणे आणि धाकट्याला सांभाळणे ही कामे वडिलांची व मुलाची. घरात समता आहे की नाही, ते त्या वीस मिनिटांत कळते.

आजी-आजोबांनाही वगळू नये. त्यांनी खुर्चीवरून दहा वेळा बसावे-उठावे. ओट्याचा आधार घेऊन एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, मग दुसऱ्या. म्हातारपणी मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले की माणूस पुन्हा उभा राहणे कठीण होते. तोल आणि पायांतला जोर हाच त्यावरचा खरा बंदोबस्त.

एकट्या घराला जमत नसेल तर चार घरांनी मिळून करावे. एकाकडे डंबेल, दुसऱ्याकडे पट्टा, तिसऱ्याकडे दोरी. आठवड्यातून एकदा सकाळी विहाराच्या पटांगणात सर्वांनी जमावे आणि एकमेकांचे दंड-बैठका पाहून चुका दुरुस्त कराव्यात. मुलींची तुकडी वेगळी हवी असेल तर वस्तीतील भरती झालेल्या एखाद्या ताईला बोलवावे. ती आनंदाने येईल.

येत्या रविवारी फार काही करू नका. तेलाचा रिकामा कॅन स्वच्छ धुवा, त्यात दोन लिटर पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा. वहीच्या पहिल्या पानावर घरातील प्रत्येकाचे नाव लिहा. सर्वांत वर आईचे.